आर्डुइनो बोर्ड सुट्या पार्टांतून जोडायचाय, मागावर पिक मोजायला (सोलापूर)

मागवाला

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोडला टॉवेलचे माग आहेत आमचे. प्रत्येक मागावर पाळीत किती पिक (आडव्या धाग्याची एकेक फेक) पडले आणि माग किती वेळ बंद होता, हे दोन्ही मोजायचंय. तयार काउंटर बाजारात मिळतो पण तो नुसता आकडा दाखवतो, माग मधेच वीस मिनिटं उभा होता हे त्याला सांगता येत नाही.

एका मागावर आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा तयार बोर्ड) लावून बघितलाय, चालतोय झकास. क्रँक शाफ्टवर छोटं लोहचुंबक, त्याच्यासमोर ए३१४४ हॉल सेन्सर (चुंबक समोर आलं की सिग्नल देणारा), शाफ्टचा एक फेरा म्हणजे एक पिक, सरळ हिशोब. पण आता सगळ्या मागांवर लावायचं म्हटलं तर प्रत्येक ठिकाणी अख्खा उनो अडकवून ठेवणं मला पटत नाही, एकदा प्रोग्रॅम टाकला की त्यातली यूएसबीची चिप, तो जॅक, त्या लाइटी, सगळं नुसतं बसून असतं.

म्हणून उनोवर असते ती २८ पायांची एटीमेगा३२८पी चिप घ्यायची आणि झिरो पीसीबीवर (नुसत्या भोकांची कोरी पाटी) आपणच जोडायचं ठरवलंय. तसं बघितलं तर लागतं किती, तर १६ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल ९ आणि १० नंबर पायांमधे, त्या दोन्ही पायांवरनं २२ पिकोफॅरडचा एकेक सिरॅमिक कपॅसिटर ग्राउंडला, १ नंबर म्हणजे रिसेटच्या पायाला १० केचा रेझिस्टर ५ व्होल्टला, ७ आणि २० ला ५ व्होल्ट, ८ आणि २२ ला ग्राउंड, आणि सप्लायच्या पायांना अगदी चिकटून १०४ चे (०.१ मायक्रोफॅरडचे) कपॅसिटर. झालं, एवढ्यावर चिप चालू होते.

मुख्य कारण सांगतो. रात्रपाळीत काउंटर बंद पडला की तो मलाच उघडायचाय, आणि कुठला पार्ट कशासाठी लावलाय हे माहीत असेल तरच तो तिथल्या तिथं उघडता येतो. विकतच्या बोर्डाचं तसं नसतं, काढा आणि फेका.

तीन गोष्टी विचारायच्यात. सेन्सरची वायर दोन-अडीच मीटर जाते, मोटर शेजारीच, खोटे पिक मोजले जाऊ नयेत म्हणून काय करावं? सप्लायला ७८०५ लावू का मोबाइलचा चार्जर? आणि लाइट गेली तर आकडा जपायचा कसा?

पुणे_सोलापूर_अपडाउन

मालक, एवढा खटाटोप कशाला? क्लोन नॅनो (आर्डुइनोच्या छोट्या बोर्डाची नक्कल) घ्या की. आजकाल सुट्या एटीमेगा३२८पी चिपची किंमतच कधी कधी अख्ख्या क्लोन नॅनोएवढी होते, वर क्रिस्टल, बेस, पीसीबी आणि तुमचा वेळ वेगळाच. मी पुण्याच्या बुधवार पेठेत दर महिन्याला चक्कर मारतो, तिथंसुद्धा हाच अनुभव आहे. पैशासाठी करत असाल तर हिशोब बसत नाही एवढंच म्हणणं आहे.

मागवाला

तुमचं बरोबर आहे दादा, एक-दोन नग करायचे तर नॅनोच घ्यावा, मी पण तेच सांगेन कुणालाही. पण नॅनोवरची चिप बारकी, सरफेस माउंट, बोर्डालाच चिकटलेली. ती उडाली तर आमच्याकडं कुणी बदलून देणार नाही. इथं २८ पायांचा बेस (चिप बसवायची बैठक) लावला की जुनी चिप उपसायची, प्रोग्रॅम टाकून तयार ठेवलेली दुसरी दाबायची, माग चालू. कामगारालासुद्धा दाखवून ठेवता येतं, खाच कुठल्या बाजूला येते ते. शिवाय यूएसबीचं सॉकेट मागाच्या हादऱ्यानं पहिलं ढिलं होतं, इथं ते सॉकेटच नाही.

टीव्हीवाले_काका

हादऱ्याचं तुम्हीच काढलंत म्हणून सांगतो. साधा बेस हादऱ्यात चिपला धरून ठेवत नाही, पत्र्याच्या पट्ट्या असतात त्याच्या, चिप हळूहळू वर येते. गोल पायांचा मशीन्ड बेस घ्या, महाग पडतो पण पकड घट्ट असते. वरनं एक केबल टाय आवळा, चिप आणि पीसीबी दोन्हीला धरून.

आणि बेस मागताना रुंदी सांगायला विसरू नका. २८ पायांचे दोन बेस येतात, अरुंद आणि रुंद. एटीमेगाला अरुंद लागतो, पायांच्या दोन रांगांमधे ०.३ इंच. जुन्या मेमरी चिपांचा रुंद बेस ०.६ इंचाचा, आणि दुकानात २८ म्हटलं की बऱ्याचदा तोच हातात पडतो. अरुंद मिळालाच नाही तर १४ पायांचे दोन बेस एकापुढं एक लावा, बरोब्बर २८ होतात, १४ चा बेस कुठल्याही रिपेअरच्या दुकानात मिळतो.

आता तुमचे प्रश्न. वायरीचं म्हणाल तर चिपच्या आतला पुलअप (लाइन ५ व्होल्टला ओढून धरणारा रेझिस्टर) त्यासाठी फार कमजोर आहे, २० ते ५० के असतो तो, एवढ्या लांब वायरीवर मोटरच्या काँटॅक्टरचा प्रत्येक खटका त्याला पिक वाटणार. ए३१४४ चं आउटपुट ओपन कलेक्टर आहे, म्हणजे ते फक्त खाली ओढतं, वर न्यायचं काम तुमच्या रेझिस्टरचं. बाहेरनं १ के लावा. ५ व्होल्टला ५ मिलिअँप जातील, तो सेन्सर २५ पर्यंत ओढतो, काही होत नाही त्याला. वायर शील्डवाली (वरनं जाळीचं वेष्टण असलेली) घ्या आणि शील्ड फक्त बोर्डाच्या टोकाला ग्राउंड करा. मोटरच्या केबलबरोबर एकाच पाइपातनं न्यायची नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं.

पुणे_सोलापूर_अपडाउन

त्यात प्रोग्रॅममधनंपण भर घाला. मिनिटाला १४० पिकचा माग असेल तर दोन पिकांमधे ४३० मिलिसेकंदांच्या आसपास अंतर येतं. म्हणजे एक पल्स मोजला की पुढचे १०० मिलिसेकंद काहीही आलं तरी सोडून द्यायचं, खरा पिक त्या वेळात येऊच शकत नाही.

डिप्लोमा_दुसरं_वर्ष

नमस्कार सगळ्यांना, धागा वाचून मीपण ब्रेडबोर्डवर जोडायला घेतलंय, मिनी प्रोजेक्टसाठी. आम्हाला लॅबमधे ८०५१ ही जुनी चिपच आहे त्यामुळं एव्हीआर (एटीमेगाचं घराणं) पहिल्यांदाच हातात घेतेय. काका, सगळं वरच्यासारखं जोडलंय, यूएसबी टू सिरीयलचा सीएच३४० मॉड्यूल लावलाय, पण अपलोड करताना ‘नॉट इन सिंक’ असा एरर येतोय. दहा वेळा वायरी तपासल्या. चिप गरम होत नाहीये, ५ व्होल्ट सगळीकडे बरोबर येतायत. चिप खराब निघाली का?

टीव्हीवाले_काका

बाळा, चिप सहसा खराब नसते. आधी मला सांग, त्या दोन सिरॅमिक कपॅसिटरांवर काय छापलंय? आणि चिप घेताना बूटलोडर (सिरीयलवरनं प्रोग्रॅम घेणारा आतला छोटा प्रोग्रॅम) टाकलेली घेतलीस का कोरी?

डिप्लोमा_दुसरं_वर्ष

कपॅसिटरवर २२३ लिहिलंय. दुकानात मी २२ चा द्या म्हणाले होते. चिप कोरी आहे बहुतेक, पाकिटावर काही लिहिलेलं नाही.

टीव्हीवाले_काका

मग दोन्ही गोष्टी सापडल्या. २२३ म्हणजे २२ आणि त्याच्यापुढं तीन शून्य, २२,००० पिकोफॅरड, म्हणजे २२ नॅनो. तुला लागतो त्याच्या हजार पट. असा लावला की क्रिस्टल हलतच नाही. तुला हवाय त्याच्यावर नुसतं २२ असतं किंवा २२०, म्हणजे २२ आणि पुढं एकही शून्य नाही. २२० वाचून लोक परत करतात आणि २२३ घेऊन येतात, असं लई वेळा बघितलंय. यापुढं दुकानात ‘२२ पीएफ, क्रिस्टलचा’ असं पूर्ण म्हणायचं.

दुसरं म्हणजे कोरी चिप. कारखान्यातनं येते तेव्हा ती स्वतःच्या आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरवर आणि त्यालाही ८ नं भागून १ मेगाहर्ट्झवर चालत असते, बाहेरचं क्रिस्टल ती बघतपण नाही. बूटलोडर नाही म्हणून सिरीयलवरनं कितीही हाका मार, पलीकडं उत्तर द्यायला कुणी नाही. ‘नॉट इन सिंक’ चा अर्थ तेवढाच आहे.

एक मात्र नीट वाच, क्रम महत्त्वाचा आहे. आधी कपॅसिटर बदल, मगच बूटलोडर टाक. बूटलोडर टाकताना चिपचे फ्यूज (आतलं कायमचं सेटिंग) बदलतात आणि ती त्यानंतर बाहेरच्या क्रिस्टलवरच चालायला बघते. तुझं क्रिस्टल हलत नसेल आणि फ्यूज बदलले, तर चिप गप्प होईल आणि आयएसपीनंसुद्धा (बूटलोडरशिवाय थेट चिपमधे लिहायची पद्धत) बोलणार नाही. मेलेली नसते ती, पण बाहेरनं घड्याळाचा सिग्नल देईपर्यंत उठत नाही, आणि नवीन माणूस ती कचऱ्यात टाकून मोकळा होतो.

मागवाला

ताई, बूटलोडरची जोडणी मी देतो, माझी आत्ताच झालीय. कॉलेजमधनं एक उनो मागून घ्या. त्यात आधी एक्झाम्पल्समधला आर्डुइनो आयएसपी नावाचा स्केच टाका. मग उनोचा १० नंबर तुमच्या चिपच्या १ नंबर पायाला, ११ जातो १७ ला, १२ जातो १८ ला, १३ जातो १९ ला, आणि ५ व्होल्ट-ग्राउंड. स्केच टाकून झाल्यावर, आधी नाही, उनोच्या रिसेट आणि ग्राउंडमधे १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, मायनसची बाजू ग्राउंडला, नाहीतर उनो स्वतःच रिसेट होत राहतो. नंतर टूल्समधे बोर्ड उनो, प्रोग्रॅमर ‘आर्डुइनो ॲज आयएसपी’, आणि बर्न बूटलोडर.

सिग्नेचर जुळत नाही असं आलं तर चिपवरचं नाव भिंगातनं वाचा. शेवटी पी नसलेली साधी ३२८ असेल तर तिची सिग्नेचर १ई ९५ १४ येते आणि पीवालीची १ई ९५ ०एफ. दोन्ही कामाला सारख्याच, फक्त सॉफ्टवेअर ओळख मागतं.

नंतर सीएच३४० लावताना मॉड्यूलचा टीएक्स चिपच्या २ नंबरला आणि आरएक्स ३ नंबरला, उलटसुलट. डीटीआरची पिन १०४ च्या कपॅसिटरमधनं १ नंबर पायाला. तो कपॅसिटर राहिला तर अपलोडच्या वेळी रिसेटचं बटण हातानं बरोबर क्षणाला दाबत बसावं लागतं.

डिप्लोमा_दुसरं_वर्ष

झालं!! १९ नंबर पायावरचा एलईडी ब्लिंक होतोय. कपॅसिटर बदलले, बूटलोडर पहिल्या झटक्यात गेला. काका आणि दादा, खरंच खूप आभार. एक विचारू? २० नंबरला ५ व्होल्ट का द्यायचे? तो तर अॅनलॉगचा सप्लाय आहे ना, मी अॅनलॉग काही वापरतच नाहीये.

टीव्हीवाले_काका

प्रश्न चांगला आहे. २० नंबर म्हणजे एव्हीसीसी, तो अॅनलॉग कन्व्हर्टरला तर वीज देतोच, पण पोर्ट सी चे खालचे चार पाय, म्हणजे ए० ते ए३, हेसुद्धा त्याच्यावरच चालतात. उपाशी ठेवलास तर कुठंतरी विचित्र वागणूक दिसते आणि कारण सापडता सापडत नाही. अॅनलॉग वापर नाहीतर नको वापरू, ५ व्होल्ट द्यायचेच. आणि २१ नंबर एरेफ, त्याला थेट ५ व्होल्ट देऊ नकोस, १०४ मधनं ग्राउंडला ने आणि सोडून दे.

जुळे_सोलापूर

मधेच विचारतो, हे असं आर्डुइनो घरी बनवणं कायद्यानं चालतं का? उद्या मागवाले दादांनी पन्नास बनवून दुसऱ्या कारखान्याला विकले तर?

पुणे_सोलापूर_अपडाउन

चालतं. आर्डुइनो २००५ मधे इटलीतल्या इव्रेया गावी डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झालं आणि त्यांनी बोर्डाचं डिझाइन पहिल्यापासून खुलं ठेवलंय, क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सवर. सर्किट बघून जोडायला, बदलायला, विकायलासुद्धा मोकळीक आहे. नाव मात्र त्यांचा ट्रेडमार्क आहे, त्यामुळं आपल्या बोर्डावर आर्डुइनो छापायचं नाही, आपलं नाव द्यायचं. हे खुलं ठेवलं म्हणून तर आज सोलापुरात बसून आपण त्यातला एकेक पार्ट कशासाठी आहे ते बोलतोय, माझ्या मते फार मोठं काम केलंय त्या लोकांनी.

मागवाला

आकडा जपण्याबद्दल कुणी बोललं नाही अजून. मी विचार करतोय की प्रत्येक पिकला ईईप्रॉममधे (चिपमधली, लाइट गेली तरी टिकणारी मेमरी) लिहून टाकायचं, लाइट कधीही जाऊ दे, आकडा तिथंच.

पुणे_सोलापूर_अपडाउन

असं अजिबात करू नका! ३२८पीच्या ईईप्रॉमचा एक बाइट १,००,००० वेळा लिहिण्यापर्यंतच खात्रीचा आहे. तुमचा माग मिनिटाला १४० पिकनं चालला तर १,००,००० पिक बारा तासांत होतात. म्हणजे पहिल्याच दिवशी हमीचा आकडा संपला. लगेच बंद पडणार नाही, पण नंतर कधी चुकीचा आकडा देईल सांगता येत नाही, आणि मजुरी आकड्यावर असेल तर भांडणं होतील.

दोन गोष्टी करा. दर १०० पिकला एकदा लिहा. आणि दरवेळी त्याच जागी नको, पुढच्या जागी. ईईप्रॉम १०२४ बाइटचं आहे, एका आकड्याला ४ बाइट, म्हणजे २५६ जागा, गोल गोल फिरायचं. चालू करताना लिहिलेल्या सगळ्या जागा वाचायच्या आणि सगळ्यात मोठा आकडा तो खरा. आता हिशोब करा, २५६ जागा गुणिले एक लाख गुणिले शंभर, माग भंगारात जाईल पण ईईप्रॉम राहील. लाइट गेली तर जास्तीत जास्त ९९ पिक बुडतात. टॉवेलला इंचाला ४० पिक धरले तरी ते अडीच इंचाच्या आत आहे, कुणाची तक्रार येणार नाही.

टीव्हीवाले_काका

यात एक भर घालतो आणि ही मला सगळ्यात मोलाची वाटते. लाइट जाताना व्होल्टेज एकदम शून्य होत नाही, कपॅसिटर रिकामा होईपर्यंत हळूहळू उतरतं. त्या उतारावर चिप अर्धवट शुद्धीत असते, वाट्टेल त्या जागी वाट्टेल ते लिहू शकते. यासाठी चिपमधे ब्राउनआउट डिटेक्टर आहे, व्होल्टेज ठरलेल्या पातळीखाली गेलं की चिपला रिसेटमधे धरून ठेवतो. उनोच्या सेटिंगमधे तो २.७ व्होल्टला असतो, एक्स्टेंडेड फ्यूज एफडी. पण १६ मेगाहर्ट्झवर चालवायचं तर डेटाशीटप्रमाणं जवळजवळ ३.८ व्होल्ट लागतात, म्हणजे ३.८ ते २.७ या पट्ट्यात चिप चालतेय पण भरवसा नाही. तो फ्यूज एफसी करा, ४.३ व्होल्टला धरेल. विकतचा बोर्ड लावणाऱ्याच्या हे गावीही नसतं, आपण स्वतः जोडतोय म्हणूनच एवढ्या खोलात जातोय.

मागवाला

काका, ही गोष्ट मला कुठंच वाचायला मिळाली नव्हती. करतोच. आणि सप्लायचं?

टीव्हीवाले_काका

डिस्प्ले कुठला लावताय त्याच्यावर आहे. सोळा बाय दोनचा एलसीडी असेल तर ७८०५ चालेल. पण मागाच्या शेडमधे लांबनं दिसायला तुम्ही मॅक्स७२१९ वाला आठ आकड्यांचा लाल डिस्प्ले लावणार, आणि तो भरपूर करंट खातो. समजा ३०० मिलिअँप. १२ व्होल्टवरनं ७८०५ लावला तर ७ व्होल्ट गुणिले ०.३, म्हणजे दोन वॉटच्या वर नुसती उष्णता. मे महिन्यात शेडमधे आधीच चाळीसच्या पुढं पारा, बंद डब्यात हीटसिंक लावूनसुद्धा तो भाजणार. चांगल्या कंपनीचा ५ व्होल्टचा चार्जर घ्या, आणि बोर्डावर येतानाच ४७० मायक्रोफॅरड लावा. ७८०५ लावलाच तर छापील बाजू समोर धरून डावीकडनं इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९०५ दिसायला हुबेहूब पण पाय वेगळे, दुकानात डब्बे शेजारी असतात, नंबर वाचूनच घ्यायचा.

डिप्लोमा_दुसरं_वर्ष

मी आता झिरो पीसीबीवर सोल्डर करणार आहे. उनोसारखीच बर्ग स्ट्रिप (पिनांची पट्टी) लावली तर त्यावर कॉलेजमधले शील्ड (उनोवर वरनं बसणारे जोड-बोर्ड) बसतील ना?

पुणे_सोलापूर_अपडाउन

नाही बसणार ताई. उनोच्या डिजिटल ७ आणि ८ मधलं अंतर ०.१ इंचाच्या पटीत नाही, ०.१६ इंच आहे. झिरो पीसीबीची भोकं ०.१ नं असतात, त्यामुळं एक स्ट्रिप कायम अर्धं भोक सरकलेली राहते. पहिल्या बोर्डापासून ते तसंच आलंय आणि जुने शील्ड चालावेत म्हणून कुणी बदलत नाही. शील्डचा नाद सोडा, लागतील तेवढेच पाय बाहेर काढा.

सोल्डर करताना क्रिस्टल चिपला अगदी चिकटून, आणि चिप बेसमधे सगळ्यात शेवटी. बेस सोल्डर झाला की चिप न बसवता आधी सप्लाय द्या, मीटरनं ७ आणि २० वर ५ व्होल्ट, ८ आणि २२ वर शून्य बघा, मगच चिप दाबा.

मागवाला

पहिले बोर्ड जोडून झाले. शील्डवाली वायर आणि १ केचा पुलअप केल्यावर एका पाळीत हातानं मोजलेला आणि काउंटरचा आकडा जुळला, मोटर चालू-बंद करूनसुद्धा. कापसाची धूळ आत जाऊ नये म्हणून डब्याला भोक फक्त वायरीपुरतं ठेवलंय, ग्लँड लावून, आणि सोल्डरचा उरलेला फ्लक्स आयसोप्रोपिलनं पुसून घेतला, नाहीतर धूळ त्यालाच चिकटते.

आता पुढचं, सगळ्या मागांचे आकडे ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर आणायचेत. वायफाय नको वाटतंय एवढ्या मोटरांमधे.

टीव्हीवाले_काका

आरएस-४८५ करा, दोन वायरींवरनं लांबवर डेटा न्यायची पद्धत. प्रत्येक बोर्डाला एक मॅक्स४८५, आठ पायांची चिप, ती पण बेसमधे बसते. दोन वायरींची पिळलेली जोडी एका मागावरनं दुसऱ्यावर न्यायची, एका लायनीवर ३२ नग चालतात आणि कमी स्पीडला १,२०० मीटरपर्यंत जाते, तुमचं अख्खं शेड त्यात येतं. प्रत्येक मागाला नंबर द्या, कॉम्प्युटरनं नंबर पुकारला की त्यानंच बोलायचं. आणि १२० ओहमचा रेझिस्टर फक्त लायनीच्या दोन टोकांना, मधल्या मागांना लावायचा नाही.